फॉर्ममध्ये भरलेलं नाव प्रशस्तिपत्रकावर नीट उतरावं म्हणून

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. वाचनालयाच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तुम्ही ऑनलाइन फॉर्म केला आहे. पीएचपी ही भाषा, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेला सर्व्हर. नऊशेच्या आसपास मुलांची नावं, शाळा, इयत्ता आणि गाव त्यात येतं. सबमिट दाबलं की तीच स्क्रिप्ट माहिती टेबलात टाकते, सहभागाच्या प्रशस्तिपत्रकाची पीडीएफ बनवते आणि लगेच डाउनलोडला देते. अडचणी तीन आहेत. जोडाक्षरं फुटून छापली जातात. काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. आणि वसईच्या एका मुलीचं आडनाव डि'सोझा असं भरलं की पान एरर देऊन थांबतं. यावर तुम्ही विचारलंत की पीडीएफसाठी कोणती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घ्यावी.

लायब्ररीचं नाव पुढे सांगतो. पण तुमच्या तीन अडचणींपैकी लायब्ररीशी संबंध फक्त पहिलीचा आहे. मी गेली अठरा वर्षं शाळा, पतसंस्था आणि छोट्या कार्यालयांसाठी हेच काम करतो: बोनाफाइड, शाळा सोडल्याचे दाखले, पावत्या, ओळखपत्रं. माझ्या अनुभवात दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. माहिती घेणं, ती ठेवणं आणि ती छापणं ही तीन वेगळी कामं एका स्क्रिप्टमध्ये एकाच दमात उरकलेली असतात. मग नावाची काळजी नेमकी कुठे घ्यायची हे कुणालाच ठरवता येत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी चुकीची काळजी घेतली जाते.

मी पाळतो तो नियम असा: माणसाने जे लिहिलं ते जसंच्या तसं ठेवायचं, आणि बाहेर काढताना ते ज्या दारातून जातंय त्या दाराप्रमाणे बांधायचं.

डि'सोझापासून सुरू करू, कारण त्या मुलीने नकळत तुमच्या कार्यक्रमातली सगळ्यांत धोकादायक फट दाखवून दिली आहे. तुम्ही नाव थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेच्या, ओळीत चिकटवता. एसक्यूएल या त्या आज्ञांच्या भाषेत एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे मजकूर संपल्याची खूण. नावातल्या त्या चिन्हापाशी मजकूर संपला असं डेटाबेस समजतो आणि पुढचं 'सोझा' त्याला आज्ञा वाटते. आज ती आज्ञा निरर्थक आहे म्हणून एरर येतो. उद्या कुणी तिथे अर्थपूर्ण आज्ञा लिहिली तर ती चालेल. उपाय सरळ आहे. पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीतलं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा: क्वेरी आधी वेगळी पाठवायची, नाव मागाहून वेगळं. मग नावात काहीही असो, डेटाबेसच्या लेखी ते नावच राहतं.

यावर दोन चुकीचे उपाय सर्रास सांगितले जातात. पहिला म्हणजे चिन्हच काढून टाका. ते करू नका. ते त्या घराचं आडनाव आहे, आणि आपल्या सोयीसाठी कुणाचं आडनाव बदलायचा अधिकार आपल्याला नाही. दुसरा म्हणजे ॲडस्लॅशेस हे अवतरणचिन्हाआधी तिरपी रेघ घालणारं फंक्शन लावून साठवा. जुन्या पीएचपीत मॅजिक कोट्स नावाची सोय हे आपोआप करायची. २०१२ साली आलेल्या ५.४ आवृत्तीत ती काढून टाकली, पण तिच्या सवयीने लिहिलेला कोड अजून नकलून नकलून फिरतो आहे. एका संस्थेच्या टेबलात मी असं आडनाव पाहिलं होतं की त्यात अवतरणचिन्हाआधी सात तिरप्या रेघा जमल्या होत्या. दर वर्षी कुणीतरी नोंद उघडून पुन्हा सेव्ह करायचं आणि रेघा वाढायच्या.

हीच गत एचटीएमएलस्पेशलकॅर्सची. विशेष चिन्हांच्या जागी त्यांचे एचटीएमएल संकेत घालणारं हे फंक्शन फार गरजेचं आहे, पण ते वेब पानावर दाखवतानाच्या दारासाठी आहे. साठवायच्या आधीच ते लावलं तर टेबलात चिन्हाच्या जागी त्याचा एचटीएमएल संकेत बसतो आणि एक दिवस प्रशस्तिपत्रकावर आडनावाच्या मधोमध तो संकेत छापला जातो. यात एक छुपा खड्डा आहे. पीएचपी ८.१ च्या आधी हे फंक्शन स्वतःहून एकेरी अवतरणचिन्हाला हात लावत नसे, ८.१ पासून लावतं. होस्टिंगवाल्याने आवृत्ती बदलली की कोडचं एक अक्षर न बदलता तुमचा निकाल बदलतो.

दारं किती असतात हे एकदा मोजून ठेवा. डेटाबेसचं दार प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं. वेब पानाचं दार एचटीएमएलस्पेशलकॅर्सचं. वर्ड फाइलचा साचा भरत असाल तर आत एक्सएमएल असतं आणि शाळेच्या नावात 'अँड'चं चिन्ह आलं की फाइल उघडतच नाही. पीएचपीवर्ड या वर्ड फाइलच्या लायब्ररीत ते सांभाळण्याची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. एक्सेलसाठी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली यादी, काढत असाल तर ज्या कप्प्याची सुरुवात बरोबर, अधिक, वजा किंवा ॲट या चिन्हाने होते त्याला एक्सेल सूत्र समजू शकतं, म्हणून त्याच्या आधी एकेरी अवतरण लावून तो मजकूर असल्याचं सांगायचं. सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम ही अक्षरसंच ओळखायची खूण नसेल तर एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडल्यावर मराठीचा चिखल दिसतो. माहिती मात्र शाबूत असते.

आणि ज्या दाराचा विचार फार कमी लोक करतात ते पीडीएफचं. एचटीएमएलवरून पीडीएफ बनवताना तुमच्या सर्व्हरवर एक ब्राउझर किंवा ब्राउझरसारखी वस्तू ते पान वाचते. कुणी नावाच्या चौकटीत आयफ्रेमचा, म्हणजे पानाच्या आत दुसरं पान किंवा फाइल दाखवणारा, टॅग लिहिला आणि त्यात सर्व्हरवरच्याच एखाद्या फाइलचा पत्ता दिला, तर काही साधनं ती फाइल उघडून मजकूर प्रशस्तिपत्रकावर छापून देतात. म्हणजे तुमची पासवर्डची कॉन्फिग फाइल बाहेरच्या माणसाला छान बॉर्डरसकट मिळू शकते. म्हणून पीडीएफकडे जाणारं नावही त्या साच्यात एस्केप करूनच, म्हणजे विशेष चिन्हं निष्प्रभ करूनच, घालायचं. शिवाय त्या साधनात स्थानिक फाइल वाचण्याची मुभा आणि जावास्क्रिप्ट, दोन्ही बंद ठेवायचं.

आता प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएल ८.० ने, म्हणजे २०१८ साली, युटीएफ८एमबी४ हा न सांगता लागू होणारा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरसंच, केला. त्याआधी तिथे लॅटिन१ हा रोमन अक्षरांचा संच असायचा आणि शेअर्ड होस्टिंगवरची कितीतरी टेबलं अजून तशीच आहेत. सगळी नावं न बिघडता काहीच बिघडतात, याचं नेहमीचं कारण म्हणजे एका पानावर कनेक्शन उघडताना कॅरेक्टर सेट सांगितलेला असतो आणि दुसऱ्यावर राहिलेला असतो. टेबल, कॉलम आणि कनेक्शन तिन्ही ठिकाणी युटीएफ८एमबी४ हवं. मायएसक्यूएलमधलं नुसतं 'युटीएफ८' घेऊ नका. त्यात एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरी तीन बाइटांत मावते म्हणून चाचणीत सगळं ठीक वाटतं, आणि मग एखादे पालक नावापुढे हात जोडल्याची इमोजी टाकतात. तिला चार बाइट लागतात. तिथे सेटिंगप्रमाणे पुढचा मजकूर कापला जातो, प्रश्नचिन्ह येतं, नाहीतर एरर येतो.

बिघडलेलं परत मिळेल का हे पाहायला त्या कॉलमवर साठलेले बाइट उघडे दाखवणारं हेक्स फंक्शन चालवा. तीन-तीन बाइटांचे गट ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होत असतील तर मराठी सुखरूप आहे, फक्त दाखवण्यात चूक आहे. ३एफ३एफ३एफ अशी ओळ दिसली तर तिथे खरोखरच प्रश्नचिन्हं साठली आहेत. ती नावं गेली, कुठल्याही युक्तीने परत येत नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे डोक्यावर टोप्या असलेली रोमन अक्षरं दिसणं. ते बहुतेक वेळा उलट रूपांतर करून वाचवता येतं, पण आधी बॅकअप घ्या आणि दहा नोंदींवर करून बघा.

तपासणीच्या नियमांबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही फॉर्मवर 'नावात फक्त अक्षरं' असा नियम लावल्याचं लिहिलंय. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संकेत देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबात मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, ती 'चिन्हं' या वेगळ्या वर्गात येतात. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या नमुन्यात, फक्त अक्षरांचा वर्ग दिलात तर 'कमल' पास होईल आणि 'सुनीता' नापास. दोन्ही वर्ग द्या. शिवाय मोकळी जागा, पूर्णविराम, जोडरेघ आणि सरळ व वळलेलं अशी दोन्ही प्रकारची अवतरणचिन्हं द्या. लांबीचंही तसंच. 'महाराष्ट्र' हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये तो दहा संकेतांचा आहे आणि युटीएफ-८ मध्ये तीस बाइटांचा. पीएचपीचं स्ट्रलेन तीस म्हणेल, एमबी_स्ट्रलेन दहा. बाइट मोजून नाव कापलंत तर कापलेल्या टोकाला चौकोन येतो.

'अदृश्य अक्षरं काढून टाका' असं फंक्शन कुणी दिलं असेल तर ते नावावर चालवू नका. कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे ही आडनावं घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, जो अदृश्य असतो. दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या नावातून तो जोडक काढलात की कऱ्हाडेंचे 'कर्हाडे' होतात. पडद्यावर दोन्ही लिखाणं सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात आणि युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. 'ॲ'चंही तेच आहे. त्याला २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र संकेत मिळाला, पण कितीतरी कीबोर्ड अजून अ आणि चंद्र असे दोन संकेत जोडून लिहितात. म्हणून मी टेबलात दोन कॉलम ठेवतो. एकात माणसाने लिहिलेलं नाव, त्याला कुणी हात लावायचा नाही, छपाई त्यावरून. दुसऱ्यात त्याच नावाचं सारखं केलेलं रूप, फक्त शोधायला आणि दुबार नोंदी ओळखायला.

अंक देवनागरीत येणार हे धरून चाला. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीत ९८ असं देवनागरीत लिहिलेलं पीएचपीने संख्येत बदलायला घेतलं की उत्तर शून्य येतं. पायथन मात्र देवनागरी अंक नीट वाचतं. आधी अंक बदलून घ्या आणि मग तपासा. फोन कधीही संख्या म्हणून साठवू नका, तो मजकूरच आहे.

शिक्षकांकडून माहिती येत असेल तर आणखी एक गोष्ट घडते. शाळेच्या संगणकावर जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टात केलेली यादी असते. ती कॉपी करून चौकटीत टाकली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी साठते. मी फॉर्मवरच तपासतो: मराठी नावाच्या चौकटीत देवनागरीचं एकही अक्षर नसेल तर तिथल्या तिथे सांगायचं की हे नाव युनिकोडमध्ये टाइप करा. आपोआप लिप्यंतर करून देण्याचा मोह टाळा. रोमन स्पेलिंगवरून काळे की काले हे कुठलाही प्रोग्रॅम खात्रीने सांगू शकत नाही.

इथपर्यंत माहिती आत नीट आली. आता साचा. मला यातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि यावर फारसं कुणी बोलत नाही.

इंग्रजीत कोऱ्या जागी नाव टाकलं की वाक्य तयार होतं. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना शब्द आतून बदलतो. साच्यात 'गाव' या खुणेपुढे 'मध्ये' लिहिलंत तर 'नाशिकमध्ये' ठीक दिसेल, पण 'पुणेमध्ये', 'सातारामध्ये', 'धुळेमध्ये' असं छापलं जाईल. माणूस पुण्यात, साताऱ्यात, धुळ्यात म्हणतो. मुलाच्या नावाला 'ने' जोडलंत तर 'गायकवाडने' असं होईल, आणि ते कुणाला दिलेल्या सन्मानपत्रावर शोभत नाही. सगळ्या गावांची सामान्यरूपं साठवणं हा मार्ग नाही. आपल्या कचेरीच्या भाषेने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. दाखल्यांवर 'यांनी', 'यांना', 'येथील', 'या शाळेतील', 'मु. पो.', 'ता.', 'जि.' असं का लिहितात? कारण मधला शब्द कुणीही भरला तरी तो अविकारी राहावा. प्रत्यय 'यां'ना लागतो, नाव तसंच राहतं. तुमच्या साच्यातली प्रत्येक कोरी जागा अशीच बांधा: 'कु. अमुक तमुक, इयत्ता ८ वी, अमुक विद्यालय, मु. पो. अमुक, यांनी सहभाग घेतला.' याने वाक्यात थोडा कोरडेपणा येतो हे खरं. पण नऊशे वेळा बिनचूक राहतं, आणि 'यांनी सहभाग घेतला' या रचनेत मुलगा की मुलगी हा प्रश्नही उरत नाही. 'सहभागी झाला' किंवा 'सहभागी झाली' असं लिहायचं ठरवलंत तर लिंग विचारावं लागेल, आणि जे छापायला लागत नाही ते विचारूच नये.

इयत्तेचंही पाहा. १ ली, २ री, ३ री, ४ थी, ५ वी, ६ वी. अंकापुढे सरसकट 'वी' लावलात तर '१ वी' छापाल. बारा ओळींची यादी हाताने लिहा, पाच मिनिटांचं काम आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अक्षरी लागते. तिथेही मी नव्याण्णवपर्यंतचे शब्द यादीत लिहून ठेवतो. एकोणतीस, एकोणचाळीस असा नियम सापडला असं वाटतं आणि नव्व्याण्णवपाशी तो मोडतो.

नावाचे तुकडे करू नका. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा तीन सक्तीच्या चौकटी बहुतेक फॉर्मांवर असतात. वसई आणि गोव्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत मधलं नाव असं नसतं. काही दाक्षिणात्य घरांत आडनावाऐवजी आद्याक्षर असतं. काही मुलांना वडिलांचं नाव लावायचं नसतं आणि त्याचं कारण विचारायचं आपल्याला काही कारण नाही. महाराष्ट्र सरकारनेच मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम राहील. म्हणजे तीन चौकटींचा साचा नव्या पिढीला तसाही पुरणार नाही. प्रशस्तिपत्रकासाठी एकच चौकट ठेवा: 'प्रशस्तिपत्रकावर नाव जसं हवं तसं लिहा.' मला आजवर याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

त्या चौकटीनंतर लगेच छापू नका, आधी दाखवा. सबमिटनंतरच्या पानावर खऱ्या फॉन्टमध्ये, खऱ्या वाक्यात ते नाव दिसू द्या आणि खाली 'बरोबर आहे' व 'दुरुस्त करा' अशी दोन बटणं द्या. दहातल्या दोघा-तिघांना स्वतःची चूक तिथेच दिसते, असा माझा अनुभव आहे. फॉर्म आला की साठवायचा आणि लगेच दुसऱ्या पानावर रिडायरेक्ट करायचं, म्हणजे रिफ्रेश केलं तरी नोंद दुसऱ्यांदा पडत नाही. नेटवर्क अडखळत असेल तर पालक बटण चार-पाच वेळा दाबतात. म्हणून फॉर्म उघडतानाच त्यात एक यादृच्छिक खूण घाला आणि टेबलात ती युनिक ठेवा.

प्रशस्तिपत्रक क्रमांक सबमिट झाल्यावर देऊ नका. तुमच्या समितीतल्या कुणीतरी यादी डोळ्याखालून घालून मंजूर केल्यावर द्या. मग थट्टेने भरलेल्या नोंदींना क्रमांक जात नाही. आणि ज्या क्षणी छापलं त्या क्षणीचं नाव, शाळा आणि साच्याची आवृत्ती त्या क्रमांकासोबत वेगळी जपून ठेवा. दोन वर्षांनी कुणी दुय्यम प्रत मागितली आणि मधल्या काळात शाळेचं नाव बदललं असेल, तर मूळ प्रत जशी होती तशीच देता यायला हवी.

आता तुमचा मूळ प्रश्न, जोडाक्षरं. फॉन्टमध्ये अक्षरं असणं पुरेसं नसतं. 'शर्मिला' हा शब्द साठवताना क्रम श, र, हलन्त, म, वेलांटी, ल, काना असा असतो. छापताना वेलांटी म च्या आधी यायला हवी आणि रफार मागून उडी मारून म च्या डोक्यावर बसायला हवा. ही हलवाहलव करणारा भाग वेगळा असतो, त्याला शेपिंग म्हणतात. एफपीडीएफ, टीसीपीडीएफ आणि डॉमपीडीएफ या पीडीएफच्या लायब्ररी देवनागरीसाठी ते करत नाहीत. फॉन्ट कितीही बदला, फरक पडणार नाही. यात दिवस घालवलेले बरेच लोक मला भेटले आहेत, म्हणून ठासून सांगतो.

शेअर्ड होस्टिंगवर राहायचं असेल तर एमपीडीएफ घ्या. सहाव्या आवृत्तीपासून त्यात ओपनटाइपची मांडणी, म्हणजे हेच शेपिंग, आहे, पण फॉन्टच्या सेटिंगमध्ये ओटीएल हा त्याचा पर्याय चालू करावा लागतो. ते विसरलं तर तीही लायब्ररी तशीच फुटकी अक्षरं देते. स्वतःचा सर्व्हर असेल तर हेडलेस क्रोम, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा ब्राउझर, किंवा वीझीप्रिंट घ्या; दोन्ही हार्फबझ हे शेपिंग इंजिन वापरतात आणि मराठी निर्दोष छापतात. लिबरऑफिसही कमांडवरून वर्ड फाइलची पीडीएफ उत्तम करून देतं. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ अजून पुष्कळ ठिकाणी सुचवलं जातं, पण त्याचा प्रकल्प २०२३ मध्ये बंद करून ठेवला आहे. नव्या कामासाठी नको.

फॉन्ट सर्व्हरवर स्वतः टाका आणि पीडीएफमध्ये एम्बेड करा. मी मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी वापरतो. पानाच्या भाषेचा संकेत मराठीचा द्या, हिंदीचा नको. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श त्या संकेतावरच मिळतात. २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमाला प्रमाणित झाली तेव्हा ही वळणं नेमून दिलेली आहेत. प्रशस्तिपत्रकावर मराठी ल दिसला की वाचणाऱ्याला नेमकं काय ते सांगता येत नाही, पण कागद आपला वाटतो.

कोणतंही साधन निवडा, आधी ही एक ओळ छापून पाहा: शर्मिला, कऱ्हाडे, ज्ञानेश्वर, शृंगारपुरे, ब्रह्मे, उज्ज्वला, लक्ष्मी, द्वारका, कार्तिकी, ॲलन, डि'सोझा. ही ओळ नीट उतरली तर बाकी नावांची काळजी मिटली. छापून पाहा म्हणजे कागदावर. पडद्यावर बारीक दोष निसटतात.

वर्षातून एकदाच नऊशे प्रशस्तिपत्रकं असतील आणि ती लगेच डाउनलोड व्हायची गरज नसेल तर एक वेगळा सल्ला देईन: पीएचपीतून पीडीएफ करूच नका. मंजूर यादीची सीएसव्ही काढा, लिबरऑफिस किंवा वर्डमध्ये मेल मर्ज करा, म्हणजे यादीतली नावं साच्यात आपोआप भरून घ्या, मुद्रकाला एकच फाइल द्या. संध्याकाळभराचं काम आहे आणि जोडाक्षरांचा प्रश्न उद्भवतच नाही. रोज दाखले द्यावे लागणारी शाळा असती तर मी हे म्हटलं नसतं. तुमच्या कामाला कोणतं बसतं ते तुम्हीच ठरवा.

डाउनलोड ठेवणार असाल तर पत्त्यात एक, दोन, तीन असे क्रमांक ठेवू नका. एक आकडा बदलला की दुसऱ्याच्या मुलाचं नाव, शाळा आणि गाव उघडतं. लांब यादृच्छिक खूण द्या आणि फाइलच्या नावातही मुलाचं नाव नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. फॉर्मवर तशी स्पष्ट ओळ आणि टिकमार्क ठेवा. आधार क्रमांक मागू नका, स्पर्धेला त्याची गरज नाही. जन्मतारीखही नको, इयत्ता पुरते. बक्षीस समारंभ झाला की फोन क्रमांक पुसून टाका.

आज रात्री बसणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी बॅकअप. मग प्रिपेअर्ड स्टेटमेंट, कारण ती फट उघडी असताना फॉर्म चालू ठेवणं बरं नाही. मग तिन्ही ठिकाणचा कॅरेक्टर सेट. त्यानंतर साचा आणि सगळ्यांत शेवटी एमपीडीएफ किंवा मेल मर्ज.

ज्या नोंदींत खरोखरच प्रश्नचिन्हं साठली आहेत त्यांची यादी काढा आणि त्या त्या शाळेला फोन करा. अंदाजाने भरू नका. वसईलाही एक फोन करा. डि'सोझा, डिसोझा, डिसूझा असं घराघरांत वेगळं लिहितात. त्या मुलीच्या घरी कसं लिहितात ते विचारून तेच छापा.